नोएमीच्या घरातले शुक्रवार

हेमचंद्रच्या कंपनीच्या ऑफिसला कोर्टाचं सील लागलं, तेव्हा आतल्या तिजोरीत त्यांच्या घरातले तिन्ही पासपोर्ट होते. एक त्याचा, एक विभावरीचा आणि एक लहानग्या शुभ्राचा. व्हिसाची मुदत संपत आली होती, म्हणून नव्या शिक्क्यासाठी त्याने ते आदल्याच आठवड्यात जमा केले होते. दुबईत तेव्हा सगळेच तसं करायचे.

२००८च्या दिवाळीत फराळाची ताटं फिरवताना कुणी मंदीचं नाव घेतलं नव्हतं. नाताळात बांधकामांवरच्या क्रेन थांबल्या. मार्चमध्ये एक दिवस हेमचंद्र ऑफिसला गेला आणि तासाभरात परत आला. मालक देश सोडून गेला होता. कंपनीचे सरकारी कागद फिरवणारा अलीमियाँ त्याला खाली पार्किंगमध्ये भेटला. रडवेला झाला होता बिचारा.

"भाईसाब, तिजोरी की चाबी मुदीर के पास, और मुदीर कहाँ है, अल्ला जाने," तो म्हणाला. मालकाला तो मुदीर म्हणायचा. "अब कोर्ट खोलेगी तब. इन्शाल्ला."

त्या इन्शाल्लाला धरून हेमचंद्र महिनाभर हिंडला. नवा पासपोर्ट हवा तर हरवल्याची पोलीस तक्रार आणा, असं वकिलातीत सांगितलं. पोलीस म्हणाले, हरवला कुठे आहे, तो तर सील केलेल्या ऑफिसात आहे. कोर्टात म्हणाले, तारीख पडेल तेव्हा कळवू. तोवर व्हिसाची मुदत संपली. जुन्या कंपनीने सोडल्याचा कागद नाही म्हणून दुसरी नोकरी नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणून मायदेशी परतणं नाही. तीन माणसं एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये होती तिथेच राहिली.

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये इमारतींच्या प्रत्येक गटाला एका बागेचं नाव आहे. यांच्या गटाला मध्य अमेरिकेवरून मेसोअमेरिकन म्हणत. दारांच्या कमानींवर चौकोनी डोळ्यांचे, रुंद नाकांचे मुखवटे कोरलेले. पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा विभावरी त्यांना हसली होती. आता खिडकीतून रोज समोरचा मुखवटा दिसायचा. त्याच्या खाली रिकामी होत जाणारी घरं दिसायची. आज सोफा बाहेर, उद्या पाळणा, परवा एखादी सायकल, आणि मग रात्रीतून गाडी तिथेच सोडून विमानतळावर गेलेलं कुटुंब. विभावरीला त्या लोकांची कीव यायला हवी होती. तिला हेवा वाटायचा.

हेमचंद्रने घरात एक नियम घालून दिला होता. "कुणाकडे बोलायचं नाही. मंडळात नाही, पुण्याला माझ्या घरी नाही. अण्णांचं हार्टचं दुखणं तुला माहितीय. आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही. महिन्या दोन महिन्यांत निस्तरेल सगळं."

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सव समितीचा तो दोन वर्षं चिटणीस होता. माणसांत उठबस असलेला, मदतीला धावणारा. आपण आता मदत मागणाऱ्यांत आहोत हे त्याला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. फक्त त्याच्या मित्राला, उल्हासला, माहीत होतं, कारण सांगितल्यावाचून इलाज नव्हता. उल्हासचं करामामध्ये केटरिंगचं किचन होतं. त्याची व्हॅन पहाटे हेमचंद्रला घेऊन जायची आणि संध्याकाळी सोडायची. पाच कोटी दिरहॅमच्या टॉवरची मोजमापं काढणारा इंजिनीयर तिथे डाळ-तांदळाचा स्टॉक बघायचा. येताना व्हॅनमधून विभावरीसाठी पीठ यायचं, जाताना तिच्या पोळ्या जायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेने व्हिसाची प्रत न मागता शुभ्राला वर्गात बसू दिलं, एवढी एक दया झाली.

बाकी विभावरी घरातच असायची. रस्त्यात कुणी ओळखपत्र विचारलं तर, ही धास्ती होतीच. त्याहून मोठी भीती मराठी माणसं भेटण्याची. सुपरमार्केटमध्ये मंडळातली कुणी दिसली की ती दुसऱ्या रांगेत वळायची. "काय गं, यंदा उन्हाळ्यात जाणार ना इंडियाला?" या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन तिचा चेहरा दुखायला लागला होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी उल्हासने व्हॅनमधून केळीची पानं पाठवली. ती घेऊन विभावरी लिफ्टमध्ये शिरली, तर आत एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई उभी होती. तिची नजर पानांवर खिळली.

"कुठे मिळाली?" तिने इंग्रजीत विचारलं. इंग्रजी मोडकंच होतं. "मी दोन वर्षं शोधते आहे. मॉलमध्ये नाहीत, कुठेच नाहीत."

"करामामध्ये मिळतात. इंडियन दुकानात. पाच दिरहॅमला जुडी," विभावरी म्हणाली, आणि सवयीने मनातल्या मनात पासष्ट रुपये असा हिशेब करून गप्प बसली. मग त्या बाईच्या डोळ्यांतलं काहीतरी पाहून तिने जुडीतली निम्मी पानं काढून दिली.

ती नोएमी. कोलंबियाच्या तोलिमा प्रांतातली. नवरा दूर रुवैसच्या रिफायनरीत, तो फक्त सुट्टीला यायचा. ती दोन मजले वर राहायची. तिसऱ्या दिवशी तिने दार वाजवलं, हातात पानात बांधलेल्या, सुतळीने आवळलेल्या पुरचुंड्या. तामाल म्हणाली ती त्यांना. आत शिजवलेला भात, मटार, बटाटा, मक्याचं पीठ. "तू मांस खातेस की नाही माहीत नव्हतं, म्हणून नाही घातलं." पान मऊ व्हावं म्हणून आचेवर कसं शेकलं ते ती हाताने करून दाखवू लागली, तेव्हा विभावरीनेही हात तस्साच फिरवला. कोकणात पानगी करताना तिची आई असंच करायची. दोघी दारातच उभ्या होत्या. पाच महिन्यांत त्या दारात उल्हासच्या ड्रायव्हरखेरीज कुणी उभं राहिलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"विभावरी."

नोएमीने दोनतीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "बीबा म्हणते मी. आमच्यात बीबा म्हणजे जिवंत." मग तिने खिडकीतून दिसणाऱ्या कमानीवरच्या मुखवट्याकडे बोट दाखवलं. "आणि हा बघ, आमच्या खंडाचा म्हणून बसवलाय इथे. बनवणाऱ्याने आमच्यातला एक माणूस तरी पाहिला होता का, देव जाणे. शुक्रवारी दुपारी ये वर. खरी माणसं दाखवते."

शुक्रवारी हेमचंद्र किचनच्या मोठ्या ऑर्डरवर होता. विभावरी शुभ्राला घेऊन वर गेली. दार उघडंच होतं. आत आठदहा बायका, जमिनीवर, सोफ्यावर, मिळेल तिथे. कॉफीचा वास, तळणाचा वास, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. पेरूच्या दोन्या आउरेलिया त्यांत सगळ्यांत वडील. त्यांची मुलगी एका हॉटेलात कामाला होती. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतात तसं. आणि सगळ्यांत तरुण इत्सेल, मेक्सिकोची. विमानात हवाई सुंदरी होती आणि मंदीत तिला बिनपगारी घरी बसवलं होतं.

मग नोएमीने टाळी वाजवली आणि सगळ्या गप्प झाल्या. दर शुक्रवारी एकीने सांगायचं, अशी त्यांची रीत होती. स्वतःचं सांगायचं किंवा आपल्या घरातल्या एखाद्या बाईचं. आधी आपली ओळख द्यायची, तीही आईच्या आणि आजीच्या नावाने. सांगणारीला मध्ये कुणी तोडायचं नाही. फक्त ती थांबली तर सगळ्यांनी विचारायचं, "इ देस्पुएस?" म्हणजे, आणि मग?

त्या दिवशी दोन्या आउरेलियांची पाळी होती. त्या स्पॅनिशमध्ये सांगत होत्या आणि नोएमी विभावरीच्या कानाशी तुकड्यातुकड्याने इंग्रजी करत होती.

"मी आउरेलिया, मार्सेलिनाची लेक, हर्मिनियाची नात," म्हातारीने सुरुवात केली.

हर्मिनियाचं घर डोंगरातल्या वाटेवर होतं. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि दोन्हीकडचा रस्ता बंद झाला. बाजाराला निघालेल्या सहासात बायका तिच्या घरात अडकल्या. कुणाचं पोर अंगावर, कुणाचा नवरा पलीकडे. पहिले काही दिवस सगळ्या नुसत्या रडल्या. मग हर्मिनिया म्हणाली, माझ्याकडे बटाटे आहेत, पण फुकट नाहीत. रोज एकीने मला काहीतरी शिकवायचं. एकीने लोकरीला लाल रंग चढवायला शिकवलं, एकीने बाळंतिणीच्या ताकदीचा काढा, एकीने गाणं. एकीला काहीच येत नव्हतं. तिने शिकवलं ते नवऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, कारण तेवढं ती एकदा म्हणाली होती. रस्ता मोकळा झाला तेव्हा हर्मिनिया एकटीच अशी होती की जिला अख्ख्या खोऱ्यातलं सगळं येत होतं. "आणि ती अडकलेली बायकांची टोळी," दोन्या म्हणाल्या, "पुढे दरवर्षी पावसाळ्यात आपणहून तिच्या घरी यायची. नवरे विचारायचे, आता रस्ता तर चालू आहे. त्या म्हणायच्या, म्हणून तर जाता येतंय."

बायका खदखदून हसल्या. विभावरीला हसू आलं आणि बंद रस्ता आठवून तसंच विरलं. ती खाली बघत राहिली. शुभ्रा नोएमीच्या मुलीबरोबर बाल्कनीत खेळत होती.

त्यानंतर ती एकही शुक्रवार चुकवेना. हेमचंद्रला सांगायची, "वर जाते, शुभ्राला खेळायला मैत्रीण आहे." ते खोटं नव्हतं. त्या खोलीत तिने बरंच ऐकलं. इत्सेलची आजी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन नवऱ्याचं घर सोडून निघाली होती आणि वाटेत प्रत्येक गावात एकेक लग्नाचा पोशाख शिवून पोट भरत शहरात पोचली होती. नोएमीच्या आईने नदीच्या पुरात वाहून आलेलं दुसऱ्याचं मूल वाढवलं होतं आणि सात वर्षांनी त्याची आई दारात आल्यावर दोघींनी एकत्र चूल मांडली होती. यातलं किती खरं आणि किती मीठमसाला, ते कुणी विचारत नसे. सांगणारी सांगताना जशी ताठ बसायची, ते बघण्यासारखं असायचं.

डिसेंबरात नोएमी म्हणाली, "बीबा, आता तुझी पाळी."

विभावरी अडली ती पहिल्याच वाक्यावर. मी विभावरी, सत्यभामाची लेक. पुढे कुणाची नात? तिच्या पासपोर्टवर आधी वडिलांचं नाव होतं, मग नवऱ्याचं आलं. आजीला सगळे आजीच म्हणत. तिने त्या रविवारी गुहागरला फोन लावला.

"आई, तुझ्या आईचं नाव काय गं?"

सत्यभामाबाई पलीकडे हसल्या. "हे काय मध्येच? सासरी जानकी. माहेरचं भिकी. आधीची भावंडं जगली नाहीत ना, म्हणून हिला नजर लागू नये असं नाव ठेवलं. तिला ते मुळीच आवडायचं नाही. जानकीही आवडायचं नाही. मला एकदा म्हणाली होती, माझं नाव मी ठेवलं असतं तर शेवंती ठेवलं असतं."

"मग मी शेवंतीची नात."

"कोण म्हणतं नको?" मग आईने विचारलं, "तू येणार कधी? वर्ष झालं. दर्शनची बायको म्हणते, ताईंना आता आमचं घर लहान वाटत असेल."

"शुभ्राची शाळा आहे आई. यांना सुट्टी नाही मिळत. मार्चमध्ये बघू."

"बघ बाई. मला काही घाई नाही."

फोन ठेवल्यावर विभावरी कितीतरी वेळ पीठ मळत राहिली. शुक्रवारी ती वर गेलीच नाही. बरं वाटत नाही असं कळवलं. आईची गोष्ट सांगायची तर आपण तिच्यापाशी का जात नाही तेही सांगावं लागेल, आणि ते सांगायला बंदी होती.

फेब्रुवारीत भावाचा, दर्शनचा, फोन आला. त्याचा आवाज ऐकताच तिला कळलं. सत्यभामाबाई दुपारी जेवून आडव्या झाल्या होत्या त्या उठल्या नाहीत.

"सकाळच्या फ्लाइटने मुंबईला पोच. मी गाडी पाठवतो. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो आम्ही," दर्शन म्हणाला.

विभावरीने हेमचंद्रकडे पाहिलं. त्याने मान हलवली, एकदाच.

"मला यायला जमणार नाही रे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नाही जमणार. तुम्ही थांबू नका."

मग दर्शन म्हणाला, "एवढं कमावून ठेवलंयत तिथे, आणि आईसाठी एक तिकीट नाही. ठीक आहे. माझ्यापुरती तू आता तिथलीच." त्याने फोन ठेवला.

विभावरी रडली नाही. ती उठून दारापर्यंत गेली, चप्पल घातली, काढली, परत घातली. हेमचंद्र तिच्या मागे येऊन उभा राहिला. "विभा, सगळं निस्तरलं की आपण..." तिला त्या वेळी त्याचा राग आला नाही, त्याच्या आवाजाचासुद्धा आला नाही. तिला फक्त भिंती दिसत होत्या. भारतात आपल्या आईला तिरडीवर ठेवतील आणि आपण या भिंतींच्या आत चपला घालून उभ्या असू, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नोएमी पोळीचा डबा परत द्यायला आली आणि विभावरीचा चेहरा बघून आत शिरली. तिने काही विचारलं नाही. शुभ्रानेच सांगितलं, "माय ग्रँडमदर डाइड. वी कान्ट गो. आय डोन्ट नो व्हाय."

"आमच्याकडे नऊ संध्याकाळी बसतात," नोएमी म्हणाली. "प्रार्थना करतात, कॉफी पितात, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. घरचं कुणी नसलं तर शेजारी बसतात. आज संध्याकाळपासून माझ्याकडे."

"मी हिंदू आहे. आमचे दिवस वेगळे असतात."

"तुझी प्रार्थना तू कर. बसायला तर माणसं लागतात ना?"

संध्याकाळी ती वर गेली. नोएमीने टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, मेणबत्ती लावली होती, पाण्याचा पेला ठेवला होता. फोटो नव्हता, म्हणून विभावरीने मोबाइलमधला आईचा चेहरा उघडून ठेवला. बायकांनी जपमाळ म्हटली. मग सगळ्या तिच्याकडे बघत शांत बसल्या.

"मी विभावरी," ती इंग्रजीत म्हणाली, "सत्यभामाची लेक, शेवंतीची नात." पुढे तिला इंग्रजी सुचेना. दोन्या आउरेलिया म्हणाल्या, तुझ्या भाषेत सांग. तिला वाटलं, हे काय भलतंच. पण तोंड उघडलं आणि मराठी बाहेर पडली. पासपोर्ट, तिजोरी, सील, व्हॅन, मंडळातल्या बायकांना चुकवणं, आईला मार्च सांगणं, दर्शनचं ते वाक्य. वर्षभर जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते तिने तिच्या भाषेतलं अक्षरही न कळणाऱ्या आठ बायकांना सांगितलं. बोलता बोलता ती रडू लागली, आणि रडत रडत सांगत राहिली.

तेवढ्यात हेमचंद्र दारात आला. शुभ्राने त्याला फोन केला होता, "बाबा, आई इज क्राइंग अॅट आंटीज हाउस." त्याने शेवटचं थोडंसं ऐकलं होतं. ते त्याला पुरेसं होतं, कारण त्या खोलीत तिच्याखेरीज नीट मराठी कळणारा तो एकटाच होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

"त्यांना मराठी येत नाही."

"आज येत नाही. उद्या इंग्रजीत सांगशील. उद्या ही बातमी मंडळात जाईल. आपण इथे काय म्हणून राहतोय, माहितीय ना? कुणी तक्रार केली तर?"

"मग करू दे," विभावरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पासपोर्ट तिजोरीत आहे, तो काही तू कोंडून ठेवला नाहीस. पण मला तू कोंडलंयस. आई गेली तरी मी आई गेली असं म्हणायचं नाही. कुठे म्हणू? बाथरूममध्ये? मी उद्या पण जाणार वर."

ती दुसऱ्या दिवशी गेली. आणि तिसऱ्या. आता ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली, नोएमी ते स्पॅनिशमध्ये फिरवी. खाडीपलीकडच्या शाळेत सत्यभामाबाई मास्तरीण होत्या. विष्णू तरीवाल्याची होडी हा एकच रस्ता. विष्णूचं डोकं फिरलं की तो यायचा नाही, आणि ते वारंवार फिरायचं. दोन वेळा शाळा बुडाल्यावर बाई त्याला म्हणाल्या, वल्ही दे इकडे. लुगड्याचा काचा मारला, छोट्या विभावरीला टोपलीत बसवलं आणि भरतीच्या पाण्यात गोल गोल फिरत, लोकांचं हसणं ऐकत, वल्हवायला शिकल्या. पुढे एकदा तपासणीला आलेले साहेब त्यांच्या होडीत बसायला तयार होईनात. बाईमाणसाच्या हाती जीव देणार नाही म्हणाले. चालत निघाले ओहोटीतून. गाळात गुडघ्यापर्यंत रुतले. बाईंनी होडी जवळ नेली आणि म्हणाल्या, "साहेब, आधी पटावर शेरा लिहा, मग हात देते."

"इ देस्पुएस?" इत्सेलने विचारलं.

"लिहिला. उत्तम लिहिला. पण एक बूट तिथेच राहिला."

खोली हसण्याने भरून गेली. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं की हेमचंद्र दाराशी उभा आहे. शुभ्राला न्यायला आला होता. दोन्या आउरेलियांनी शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर थाप मारली. तो संकोचला, मग बसला. कुणीतरी कॉफी दिली.

तो कप हातात फिरवत राहिला. मग एकाएकी, कुणाकडे न बघता, इंग्रजीत म्हणाला, "मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मला त्यांनीच होडीतून नेलं. मला वाटलं नावाडी आहेत कुणी. मध्यावर आल्यावर त्यांनी वल्ही थांबवली."

विभावरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

"विचारलं, पोहता येतं का? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, बरं झालं, आता खरं बोलाल. दारू पिता का, रागावर हात उचलता का, आधी कुणी मनात होती का, सगळं विचारलं. मी घाबरून सगळं खरं सांगितलं."

"इ देस्पुएस?" या वेळी सगळ्याच म्हणाल्या.

"मग म्हणाल्या, मी मुलीची आई. आणि होडी किनाऱ्याला लावली." हेमचंद्र हसला. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि बराच वेळ पुसत राहिला.

नववी संध्याकाळ संपल्यावर त्याने स्वतःच पुण्याला फोन करून अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांच्या हार्टला काही झालं नाही. ते म्हणाले, "अरे, मग आधी का नाही बोललास?" विभावरीनेही दर्शनला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" ते खरंच होतं.

या सगळ्याने ऑफिसचं सील काही उघडलं नाही. उन्हाळा आला. जूनमध्ये नोएमीच्या नवऱ्याची बदली झाली. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी विभावरी खाली टॅक्सीपर्यंत गेली आणि दार लागल्यावर तिथेच उभी राहिली. टॅक्सी वळणाआड गेली. जायला मोकळी असलेली माणसं कशी पटकन जातात, हे तिने वर्षभर खिडकीतून पाहिलं होतं. इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. वर आल्यावर तिने शुक्रवारची खोली म्हणून आपलंच घर झाडून घेतलं. तिच्या एवढ्याशा हॉलमध्ये दोन्या आउरेलिया खुर्चीवर आणि बाकीच्या पिठाच्या पोत्यांना टेकून बसू लागल्या. मंडळातल्या मीनाक्षीला तिने एकदा सुपरमार्केटमध्ये स्वतःहून गाठून सगळं सांगितलं आणि शुक्रवारी ये म्हटलं. मीनाक्षी आली. तीही पुढे ताठ बसून सांगू लागली.

आणखी एक थंडी आली. २०११च्या सुरुवातीला कोर्टाने तिजोरी फोडून घेतली. अलीमियाँ स्वतः तिन्ही पासपोर्ट घेऊन आला आणि चहा न घेताच, "खलास, भाभीजी, खलास," म्हणत जिन्यावरून उतरला. विभावरीने आपला पासपोर्ट उघडला. आतल्या फोटोतली बाई तिला फार तरुण वाटली. त्या दिवशी तिला आनंद झाला असं म्हणता यायचं नाही. ती झोपली, सलग दुसऱ्या दुपारपर्यंत.

गुहागरला ती गेली. दर्शनने स्टँडवर गाडी आणली होती, बोलला मोजकंच. आईच्या खोलीत आता धान्याची पिंपं होती. ती तिथे आठवडाभर राहिली आणि परत आली. दंड वगैरे निस्तरून हेमचंद्रला अल ऐनच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरी लागली होती. तिथल्या एका नर्सरी शाळेत विभावरीला लहान मुलांना गोष्टी सांगायचं काम मिळालं. अजूनही ती भाजी आणायला निघाली तरी तिघांचे पासपोर्ट पर्समध्ये घेऊन निघते. शुभ्रा तिला त्यावरून चिडवते. दोन्या आउरेलिया लीमाला वारल्या तेव्हा विभावरीने अल ऐनच्या घरात नऊ संध्याकाळी मेणबत्ती लावली. इत्सेल परत विमानात उडू लागली होती. ती त्यांतल्या दोन संध्याकाळी येऊन बसून गेली.

दर्शन आला तो २०१६मध्ये, बायकोमुलांना घेऊन, तेही मुलांनी हट्ट धरला म्हणून. एका संध्याकाळी सगळे जबल हफीतच्या डोंगरावर गेले. मुलं कठड्याशी फोटो काढत होती. खाली अल ऐनचे दिवे लागत होते. भाऊ-बहीण गाडीला टेकून उभे होते.

"तू तेव्हा फोनवर सांगितलंस," दर्शन म्हणाला, "पण मी नीट ऐकलं नव्हतं. मला ऐकायचंच नव्हतं."

विभावरीने त्याला पहिल्यापासून सांगितलं. सील लागलं तिथपासून. मध्ये त्याने तिला तोडलं नाही. ती चपला घालून दाराशी उभी राहिली होती, तिथे पोचल्यावर त्याने मान वळवली आणि दिव्यांकडे बघत राहिला. तिचं सांगून झालं. अंधार पडला. वारा सुटला होता.

"थर्मासमध्ये चहा उरलाय का?" त्याने विचारलं.

होता. तिने त्याला ओतून दिला.